नवख्याला मागच्या बाकावर बसू द्या

“आता सगळे उभे राहतात. तुम्ही बसून राहिलात तरी चालतं.”

शेजारी बसलेल्या वयस्क बाई माझ्याकडे किंचित झुकून एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा समोर पाहू लागल्या. छोटंसं चर्च, जेमतेम चाळीस माणसं, रविवारची उपासना सुरू होऊन पाचेक मिनिटं झालेली. मी जन्मानं ख्रिस्ती नाही. कधी कुणाच्या लग्नाला, एकदा एका अंत्यविधीला, एवढाच माझा चर्चशी संबंध. कधी उठायचं, कधी बसायचं, कोणतं वाक्य पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, म्हणायचं आणि कोणतं मंडळीनं, म्हणजे जमलेल्या लोकांनी, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पुढच्या रांगेतल्या पाठींवर नजर ठेवून, त्या हलल्या की हलायचं, असं चाललं होतं. त्या दोन वाक्यांनी माझा जीव भांड्यात पडला. पहिल्यानं काय चाललंय ते कळलं. दुसऱ्यानं, ते कळल्यावर काय करायचं हे माझं मला ठरवता आलं.

मी उभी राहिले.

मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या दोन वाक्यांत आहे. छोट्या मंडळीनं दारातून आलेल्या परक्या माणसाशी कसं वागावं, हा प्रश्न वरवर पाहता त्या मंडळीचा घरगुती प्रश्न वाटेल. मला तो तसा वाटत नाही. उपासना ही खासगी बैठक नसते. दार उघडं असतं, बाहेर वेळ लिहिलेली असते, आणि बहुतेक ठिकाणी ‘सर्वांचं स्वागत आहे’ असंही लिहिलेलं असतं. ओळख, तिकीट, निमंत्रण यांपैकी काहीही न विचारता कुणालाही तासभर बसू देतील अशा जागा जगात फार थोड्या उरल्या आहेत. तिथे आलेल्या माणसाला काय मिळायला हवं आणि त्याच्याकडून काय मागू नये, याची चर्चा आतल्यांनी करावी, तशीच बाहेरच्यांनीही करावी. माझ्या मते नवख्याला दोन गोष्टी मिळाल्या पाहिजेत: जे चाललं आहे त्याचा अर्थ, आणि त्यात सामील न होण्याची मोकळीक. पहिली देण्याचं पुष्कळ ठिकाणी कुणाच्या लक्षातच येत नाही. दुसरी प्रेमापोटी हिरावून घेतली जाते.

दुसरीचा अनुभव आधी सांगते. माझी एक मैत्रीण गेली. पंचवीस वर्षांची मैत्री. ती दर रविवारी न चुकता चर्चला जायची, आणि पंचवीस वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही की तू तिथे तासभर करतेस काय. रविवारी तिला फोन करायचा तो दुपारनंतर, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. ती गेल्यावर ही न विचारलेली गोष्ट सलत राहिली. तिचं गाव दूर, तिचं चर्चही तिथेच. म्हणून एका रविवारी मी माझ्या घराजवळच्या एका लहान चर्चमध्ये जाऊन बसले. सुरुवातीला ज्या बाईंबद्दल सांगितलं त्यांचं हे चर्च नव्हे, हे त्याआधीचं. दोन गीतं झाली आणि समोरून विचारणा झाली, “आज पहिल्यांदा कोण आलं आहे?” सगळ्या माना वळल्या. मला उभं केलं. नाव विचारलं, कुठून आलात विचारलं, कशासाठी आलात विचारलं. मी “सहज” म्हणाले. टाळ्या वाजल्या. मग माझ्यासाठी, माझ्या तारणासाठी, म्हणजे आत्म्याच्या उद्धारासाठी, मोठ्यानं प्रार्थना झाली. ती करू का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. उपासना संपल्यावर एक वही पुढे आली. नाव, पत्ता, फोन नंबर. त्या आठवड्यात तीन फोन आले.

यातल्या एकाही माणसाचा हेतू वाईट नव्हता. टाळ्या वाजवणाऱ्यांना खरोखरच आनंद झाला होता, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. पण ‘कशासाठी आलात’ याचं भर सभेत सांगण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एकटीला विचारलं असतं तरी नव्हतं. आपण का आलो हे माणसाला पुष्कळदा येऊन बसल्यावर, पाच-सहा वेळा येऊन बसल्यावर, हळूहळू कळतं. त्याआधीच ते मागितलं की तो काहीतरी खोटं सांगतो, आणि खोटं सांगितलेल्या ठिकाणी पुन्हा जायला पाय उचलत नाही. माझा उचलला नाही. पुढचे दोन महिने मी कुठल्याच चर्चची पायरी चढले नाही.

मोठ्या चर्चमध्ये असं सहसा होत नाही. पाचशे माणसांत एक जास्त आला काय, कमी आला काय. खांबाआड बसावं, शेवटचं गीत सुरू होताच निघावं. तिथे अनोळखी राहणं आपोआप जमतं. छोट्या मंडळीत ते जमत नाही, तिथे ते कुणीतरी समजून-उमजून द्यावं लागतं. चाळिसांत एक नवा चेहरा म्हणजे अडीच टक्क्यांची वाढ, आणि ही वाढ मोजली जाणारच, कारण छोट्या मंडळ्या आज काळजीत आहेत. अमेरिकेत २०२० साली हजारो मंडळ्यांची पाहणी झाली, त्यांतल्या बहुतांश ख्रिस्ती होत्या. त्यात आठवड्याच्या उपासनेच्या उपस्थितीचा मध्य ६५ निघाला. म्हणजे निम्म्या ठिकाणी त्याहून कमी माणसं. २००० साली हाच आकडा १३७ होता. ज्यांनी ही वीस वर्षं डोळ्यांदेखत पाहिली, ओळीनं एकेक बाक रिकामा होताना पाहिला, त्यांना दारातून आत आलेल्या अनोळखी बाईत आशा दिसली तर त्यात नवल नाही. गळकं छप्पर, पाळकांचं मानधन, रविवारच्या शाळेत उरलेली दोन-तीन मुलं, हे सगळं त्या नजरेत असतं. पण नवख्याला ते ओझं जाणवतं. तो स्वतःचं काहीतरी घेऊन आलेला असतो आणि आल्या क्षणी त्याच्यावर एका संस्थेच्या भवितव्याचा भार येतो.

खरं म्हणजे लहान असणं ही या उपासनेची मूळची स्थिती आहे. सीरियातल्या दुरा-युरोपोस या प्राचीन शहराच्या उत्खननात १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एक घर सापडलं. तिसऱ्या शतकात तिथल्या ख्रिस्ती लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेसाठी जागा केली होती. दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचं, म्हणजे ख्रिस्ती होतानाच्या जलविधीचं, कुंड होतं, भिंतींवर चित्रं होती. शहराला वेढा पडला तेव्हा तटाला आधार म्हणून लगतच्या इमारतींत मातीचा भराव घातला गेला, आणि सुमारे २५६ साली शहर पडलं तरी भरावाखाली हे घर राहून गेलं. त्या सभेच्या जागेत दाटीवाटीनं बसली तर साठ-सत्तर माणसं मावतील. वर दिलेल्या मधल्या आकड्याइतकीच. त्या खोलीत शिरलेला परका माणूस कोपऱ्यात लपू शकला नसता, सगळ्यांनी त्याला पाहिलंच असतं. म्हणजे छोट्या जागेत परक्याचं काय करायचं हा प्रश्न कमी होत चाललेल्या उपस्थितीनं आज निर्माण केलेला नाही, पहिल्यापासूनचा आहे. आणि त्याची उत्तरंही जुनी आहेत.

सगळ्यात जुनं उत्तर पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती प्रचारकाचं, पौलाचं. ग्रीसमधल्या करिंथ इथल्या मंडळीला त्यानं सन ५५च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात, आज ज्याला पहिलं करिंथकर म्हणतात त्यात, चौदाव्या अध्यायात हा प्रश्न येतो. तिथले लोक आवेशानं, कुणालाही न समजणाऱ्या भाषांत प्रार्थना करत. पौल त्यांच्या आवेशाला नावं ठेवत नाही, स्वतःही तशी प्रार्थना करतो म्हणतो. पण पुढे विचारतो की ज्याला यातलं काही ठाऊक नाही असा माणूस तिथे बसलेला असेल तर तुमच्या आभारप्रार्थनेला तो ‘आमेन’ कसा म्हणणार? तुम्ही काय म्हणालात हे त्याला कळलेलंच नाही. मंडळीत न समजणारे दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजतील असे पाच शब्द बोललेले बरे, असं तो सांगतो. उपासना नीट चालली आहे की नाही हे तपासायला पौलानं कुणाचे कान घेतले पाहा. मंडळीतल्या ज्येष्ठाचे घेतले नाहीत, नवख्याचे घेतले. दोन हजार वर्षांनंतरही हे मला धाडसाचं वाटतं.

आणि समोरच्याच्या तोंडात घाईनं ‘आमेन’ घालावं असं पौल कुठे म्हणत नाही. आधी त्याला कळू द्या, म्हणजे तो म्हणू शकेल, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे.

न समजणारी भाषा आज वेगळ्या रूपात असते. “आता नेहमीप्रमाणे”, असं पाळक म्हणतात आणि सगळे काहीतरी करतात. एक प्रार्थना सगळ्यांना पाठ असते म्हणून ती कुठेच छापलेली नसते. गीताचा क्रमांक सांगतात, पण बाकावर दोन वेगळी पुस्तकं असतात आणि क्रमांक त्यांतल्या कुठल्या पुस्तकातला हे फक्त जुन्यांना माहीत. सूचना अशा असतात: “बुधवारची सभा यावेळी तिकडेच होईल.” तिकडे म्हणजे कुठे? चाळीस माणसांत एकोणचाळिसांना ठाऊक असतं, म्हणून चाळिसाव्याचा विचार कुणाच्या मनात येत नाही. यात कुणी दार लावून घेतलेलं नसतं, तरी तो बाहेरच राहतो.

मी परकी आहे म्हणून उपासना पातळ करा, असं मात्र मला म्हणायचं नाही. काही ठिकाणी नवख्यांना अवघड जाऊ नये म्हणून कबुलीची प्रार्थना गाळतात, वधस्तंभाचा उल्लेख टाळतात, शास्त्रपाठ दोन वचनांवर आणतात. मला ते फसवणुकीसारखं वाटतं. मी जे पाहायला आले तेच माझ्यापासून लपवलं जातं. ‘कृपा’, ‘पाप’, ‘कोकरा’, ‘नवा करार’ हे शब्द राहू द्या, ते त्या घराचे शब्द आहेत. फक्त आधी अर्धं वाक्य बोला. “आता आपण आपल्या चुका देवापुढे कबूल करतो, प्रार्थना पान बारावर आहे.” दहा-अकरा शब्द पुरतात. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२६ साली जर्मन भाषेतल्या उपासनेचा क्रम प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत तो सरळ लिहितो की येणाऱ्यांत असे पुष्कळ जण असतात की ज्यांचा अजून विश्वास बसलेला नाही, काहीतरी नवं दिसेल म्हणून ते नुसते बघत उभे असतात. हे त्यानं तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. अशांसमोर लोकांच्या भाषेत, उघड्यावर उपासना व्हावी, असं त्याचं मत होतं. इंग्लंडमध्ये १५४९ साली इंग्रजी प्रार्थनापुस्तक आलं. कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ४ डिसेंबर १९६३ रोजी, उपासनेसंबंधीच्या ठरावानं लोकभाषांना वाट करून दिली. लोकांना कळावं म्हणून एवढ्या मोठ्या उलथापालथी ज्या परंपरेत झाल्या, तिच्या एखाद्या छोट्या मंडळीला पान क्रमांक सांगणं जड जाऊ नये.

पण माझं सर्वांत आवडतं उदाहरण जस्टिनचं आहे. हा तत्त्वज्ञ प्रौढपणी ख्रिस्ती झाला आणि रोममध्ये शिकवत असे. सन १५५च्या सुमारास त्यानं सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून एक निवेदन लिहिलं. ख्रिस्ती लोक बंद दाराआड भलतंसलतं करतात, अशा वावड्या तेव्हा उठत होत्या. जस्टिननं त्यावर साधा उपाय केला. आम्ही रविवारी काय करतो ते ओळीनं सांगून टाकलं. शहरातले आणि खेड्यांतले सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. मग सभेचा प्रमुख उपदेश करतो. सगळे उठून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणलं जातं, प्रमुख आभार मानतो, लोक ‘आमेन’ म्हणतात, वाटप होतं, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे त्यांचा वाटा पोचवला जातो. ज्यांची ऐपत आहे आणि ज्यांची इच्छा आहे ते काही देतात. त्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि मुक्कामाला असलेले परके यांची सोय होते.

रविवारच्या ख्रिस्ती उपासनेचं हे आपल्याला मिळालेलं सर्वांत जुनं सविस्तर वर्णन, आणि ते बाहेरच्या माणसासाठी लिहिलेलं आहे. त्याला आत खेचण्याची त्यात घाई नाही. आधी तुम्हाला कळू द्या, मग तुम्ही ठरवा, असा त्याचा सूर आहे. सम्राटाचं मन वळलं असं दिसत नाही, आणि सन १६५च्या सुमारास पुढच्या सम्राटाच्या काळात जस्टिनला रोममध्ये मृत्युदंड झाला. तरी जगातल्या पुष्कळ चर्चमध्ये आज नवखा माणूस जाऊन बसला की त्याला जे दिसतं, ते बऱ्याच अंशी जस्टिननं सांगितलेल्याच क्रमानं चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं ते वर्णन वाचून जावं, निम्मी भीती तिथेच जाईल.

त्याच निवेदनात जस्टिन आणखी एक गोष्ट लपवत नाही. भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा घेतलेल्या, विश्वास ठेवणाऱ्यांनाच दिले जातात, हेही तो सांगतो. इथे मला मोकळीक या मुद्द्याची दुसरी बाजू दिसते. पुष्कळांना वाटतं, खरं स्वागत म्हणजे कसलीच मर्यादा न ठेवणं. मला तसं वाटत नाही. प्राचीन काळी बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना उपदेश झाल्यावर निरोप दिला जाई, आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स उपासनेत आजही मधेच ‘दारं! दारं!’ असा पुकारा होतो, त्या काळाची खूण म्हणून. दारं आता लावली जात नाहीत, परका आतच बसतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे हीच भाकर आणि द्राक्षारस, आपापल्या सभासदांपुरतं असतं, काही प्रोटेस्टंट मंडळ्या बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही देतात, काही सगळ्यांनाच. यातलं योग्य काय, हे त्या-त्या परंपरेनं ठरवावं. मला हवं असतं ते फक्त वेळेवर आणि स्पष्ट सांगणं. “प्रभुभोजन बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आहे. इतरांनी जागेवर बसावं, किंवा पुढे येऊन आशीर्वाद घ्यावा, दोन्ही चालेल.” असं म्हटलं की मी निश्चिंत. काहीच न सांगता रांग पुढे सरकू लागली की नवख्याचा जीव टांगणीला लागतो. उठावं तर अपमान होईल का, बसावं तर होईल का? ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये यावर एक सुंदर तोड आहे. उपासनेच्या शेवटी वेगळी ठेवलेली आशीर्वादित भाकर वाटतात, आणि पुष्कळ ठिकाणी ती पाहुण्यांनाही मिळते. मर्यादा तर राहतेच, आणि कुणी रिकाम्या हातानं परत जात नाही.

बसण्याच्या जागेबद्दलही बोललं पाहिजे, कारण शीर्षकात बाक आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक छोटा प्रसंग येतो. सभेत दोन माणसं येतात, एकाच्या बोटात सोन्याची अंगठी आणि अंगावर भारी कपडे, दुसऱ्याचे कपडे मळके. पहिल्याला चांगली जागा, दुसऱ्याला ‘तिथे उभा राहा, नाहीतर पायांशी बस’. याकोब यावर फार कडक बोलतो. तरीही पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेत चर्चमधले बाक भाड्यानं दिले जात होते. घराण्यानुसार बाक ठरलेले, काहींना लहान दरवाजे. भाडं न देणारा आणि परका, दोघंही मोकळ्या सोडलेल्या मोजक्या जागांवर. अमेरिकेत १८६० साली स्थापन झालेल्या फ्री मेथडिस्ट चर्चच्या नावातल्या ‘फ्री’ या शब्दामागे गुलामगिरीला विरोध होता, तसाच बाकांना भाडं नको हाही आग्रह होता. भाडी आता गेली. सवयीनं ठरलेल्या जागा गेलेल्या नाहीत. “इथे अमुक बसतात”, हे हळू आवाजात सांगितलेलं वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. आणि मागच्या बाकावरच्या माणसाला आग्रहानं पहिल्या रांगेत आणून बसवतात तेव्हा तीही जागेची जबरदस्तीच असते. पुढे बसलेल्या नवख्याला कुणाचंही बघून उठता-बसता येत नाही.

आता माझ्या म्हणण्यावर येणारा सर्वांत खरा आक्षेप. एकटेपणानं पिचलेला माणूस चर्चमध्ये येतो, चार रविवार येतो, कुणी त्याच्याशी बोलत नाही, आणि तो येणं सोडतो. हे घडतं, आणि मला उभं करून टाळ्या वाजवण्यापेक्षा ते कितीतरी क्रूर आहे. मोकळीक द्या असं मी म्हणते तेव्हा दुर्लक्षाला सोयीचं नाव मिळण्याचा धोका मला दिसतो. म्हणून फरक नेमका सांगते. माणसाकडे पाहा, हसा, जागा द्या, पुस्तक द्या, नंतर दोन शब्द बोला. विचारायचं ते असं विचारा की उत्तर टाळूनही त्याला अवघडल्यासारखं होणार नाही. “पुस्तकातली अक्षरं दिसतायत ना?” हा तसा प्रश्न आहे. “थोडं थांबणार का, सगळे बोलत बसतात” हाही. “तुम्ही ख्रिस्ती आहात का?”, “कुठल्या चर्चचे?”, “नवरा नाही आला?” हे तसे प्रश्न नाहीत. यांपैकी प्रत्येकात एक चुकीचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. खरोखर एकटा असलेला माणूस पहिल्या प्रकारच्या प्रश्नालाही भरभरून बोलू लागतो, त्याला तेवढीच फट पुरते. आणि ज्याला आज बोलायचं नाही, तो मान हलवून बसू शकतो.

दुसरा आक्षेप श्रद्धावंतांचा, आणि तो मी आदरानं ऐकते. जे आम्हाला साऱ्या जगाला सांगायची आज्ञा आहे ते दारात आलेल्याला सांगायचं नाही? तुमच्या सोयीसाठी गप्प बसायचं? नाही, गप्प बसू नका. पण तो तास सांगण्याचाच तर असतो. शास्त्रपाठ, उपदेश, गीतं, प्रार्थना, सगळं सांगणंच आहे, आणि नवखा स्वतःच्या पायांनी ते ऐकायला आलेला आहे. मन वळवणं हे पवित्र आत्म्याचं काम, असं तुम्हीच मानता. मग दाराशी वही घेऊन उभं राहायची घाई का? मला वाटतं, ज्या मंडळीला आपल्या उपासनेवर भरवसा असतो, ती माणसाला बिनधास्त एकटं सोडते.

नवखाही काही देणं लागतो, आणि हे मी माझ्यासारख्यांना उद्देशून लिहिते आहे. छोट्या मंडळीत आपण कुणाच्या तरी आठवड्यातल्या सर्वांत जवळच्या तासात शिरलेलो असतो. शेजारचा माणूस कदाचित रडायला आलेला असतो. वेळेआधी यावं. फोन बंद ठेवावा, फोटो काढू नयेत. जे आपलं नाही ते प्रभुभोजन ‘अनुभव’ म्हणून घेऊ नये. अर्पणाची पिशवी फिरली तर द्यावंसं वाटलं तर द्यावं, नाहीतर पुढे सरकवावी, जस्टिनच्या काळीही ते ऐच्छिकच होतं. गाण्याचा सूर लागला नाही, उपदेश रेंगाळला, म्हणून दुकानातला माल नापसंत करावा तसं एका भेटीत निकालात काढू नये. चाळीस माणसांच्या मंडळीत पेटी वाजवणारा एकच असतो आणि तोही कधीकधी आजारी असतो.

आणि काही खटकलं तर ते सांगावं. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या ख्रिस्ती साधूनं मठासाठी लिहिलेल्या नियमावलीत पाहुण्यांना ख्रिस्ताप्रमाणे वागवावं असं म्हटलं आहे, ते अनेकांना माहीत असतं. त्याच नियमावलीच्या एकसष्टाव्या प्रकरणात याहून विलक्षण गोष्ट आहे. दूरच्या प्रांतातून आलेल्या पाहुण्या साधूनं मठातली एखादी उणीव नम्रपणे, सकारण दाखवली तर मठाधिपतीनं त्यावर नीट विचार करावा, कदाचित प्रभूनं त्याला नेमकं याचसाठी पाठवलं असेल. परक्याच्या डोळ्यांना घरच्यांना न दिसणारं दिसतं, हे तिथे नियमातच लिहून ठेवलं आहे. जिथे टाळ्या वाजल्या तिथे मी हे सांगायला हवं होतं. मी फोन उचलणं बंद केलं, एवढंच केलं. ते बरोबर नव्हतं.

दोन महिन्यांनी मी दुसऱ्या चर्चमध्ये गेले, आणि तिथे त्या बाई शेजारी होत्या. पुढच्या रविवारीही मी त्याच बाकावर बसले, त्याही. त्या गीताचं पान उघडून पुस्तक आमच्या दोघींच्या मध्ये धरायच्या, मी गात नव्हते तरी. प्रभुभोजनाच्या वेळी पाय जरा बाजूला घेऊन पुढे जायच्या, परत येऊन डोळे मिटून बसायच्या. पाचव्या रविवारी त्यांनी माझं नाव विचारलं, स्वतःचंही सांगितलं. का येतेस असं त्यांनी कधीच विचारलं नाही. सातव्या रविवारी उपासना संपल्यावर सगळे बाहेर पडले तरी आम्ही दोघी बसून होतो, आणि मीच सांगू लागले. मैत्रिणीबद्दल, पंचवीस वर्षं न विचारलेल्या प्रश्नाबद्दल, तिच्या मागे राहिलेल्या नवऱ्याबद्दल आणि दोन मुलांबद्दल. त्यांनी मधे एक शब्द घातला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “पुढच्या रविवारी प्रार्थनेत तिच्या मुलांची नावं घेतली तर चालतील का तुम्हाला?”

मी त्यांना नावं सांगितली.